लांबी मोजल्याशिवाय काडतूस भरू नका

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांत शिकारीला जाणारे आहेत, सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेमबाजी करणारे आहेत, आणि घरच्या गॅरेजमध्ये प्रेस मांडून स्वतःची काडतुसं स्वतः भरणारेही आहेत. हे आवाहन त्या शेवटच्या मंडळींना आहे. त्यातही ज्यांच्याकडे एखादी जुनी, दुर्मीळ काडतुसाची रायफल आली आहे आणि दुकानात पुंगळ्या मिळत नाहीत म्हणून जे दुसऱ्याच काडतुसाच्या पुंगळ्या दाबून, छाटून आपल्या मापाच्या करून घेतात, त्यांच्यासाठी तर ते खासच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पुंगळीची लांबी ही नीटनेटकेपणाची बाब नाही, जिवाची आहे. ती नेमकी राखायला जुना डाय कापून त्याचा ट्रिम डाय करणं हा चांगला आणि स्वस्त उपाय आहे. मात्र डाय कुठे कापायचा आणि कुठे त्याला बोटही लावायचं नाही, हे आधी पक्कं कळलं पाहिजे.

आधी कायदा बघा

कानस हातात घेण्यापूर्वी हा भाग वाचा. आपल्यापैकी पुष्कळजण एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर इथे राहतात. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. याला काही ठरावीक अपवाद आहेत. अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना जवळ असणं, हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही व्हिसाची मनाई लागू होत नाही. आणि ‘मी कुठे काडतूस बाळगतोय, नुसत्या रिकाम्या पुंगळ्या तर आहेत’ अशा समजात राहू नका. फेडरल कायद्याच्या व्याख्येत पुंगळी, प्राइमर, गोळी आणि दारू हे सगळं सुटं सुटं असलं तरी दारूगोळ्यातच मोडतं. तुमच्या व्हिसाबद्दल शंका असेल तर मित्राला विचारू नका, वकिलाला विचारा. चूक झाली तर दंडावर भागणार नाही, या देशातलं राहणंच धोक्यात येईल.

स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकण्याच्या धंद्यासाठी भरायची असतील तर लागतो. राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. आपल्या राज्याचे नियम आपण स्वतः वाचावेत.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय ते तयार करणं किंवा देशात आणणं गुन्हा आहे. मुंबईला जाताना पुतण्याला दाखवायला म्हणून एक रिकामी पुंगळी खिशात टाकू नका. प्रेस नाही, डाय नाही, पुंगळी नाही. यातलं काहीही सामानात असता कामा नये. रेंजवर नेलेली बॅग विमानप्रवासाला वापरूच नका. तिच्या एखाद्या कप्प्यात काय राहून गेलंय, हे तुम्हाला एक्सरे यंत्रासमोर कळेल, आणि तोवर उशीर झालेला असेल.

लांबीचं एवढं काय?

काडतुसाची पुंगळी साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळाची असते. बार उडाला की हे पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि दाब ओसरला की थोडं आकसतं. मग आपण ती पुंगळी सायझिंग डायमध्ये दाबून पुन्हा मूळ मापावर आणतो. या फुगण्या-दाबण्यात पितळ सरकतं, आणि सरकतं ते पुढे, मानेकडे. त्यामुळे वापरागणिक पुंगळी लांबत जाते.

चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडापुढे थोडीच मोकळी जागा असते. पुंगळी त्याहून लांब झाली की बोल्ट बंद करताना तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि गोळीभोवती आवळलं जातं. गोळी सुटताना मान ढिली व्हायची असते. इथे ती पकडूनच राहते. गोळीला निघायला वाट नाही, आणि मागे दारूचा दाब तर चढतच जातो. दारू अगदी बरोबर तोलून घातलेली असली तरी हे घडतं. म्हणूनच हा धोका कपटी आहे. तराजू बरोबर, दारू बरोबर, गोळी बरोबर, आणि तरीही दाब मर्यादेबाहेर.

नेहमीच्या काडतुसांत हे हळूहळू घडतं, इंचाच्या हजाराव्या भागांनी. आपले टर्नर-फिटर ज्याला ‘थाउ’ म्हणतात, त्या मापाने. दुसऱ्या काडतुसाची पुंगळी आपल्या मापाची करताना मात्र लांबीत सुरुवातीलाच मिलिमीटरांचा फरक असतो. तिथे ट्रिम करणं टाळताच येत नाही.

एक उदाहरण: ७.७ अरिसाका

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर लढलेले अमेरिकन सैनिक परतताना जपानी रायफली बरोबर घेऊन आले. त्यात १९३९ सालची टाइप ९९ अरिसाका पुष्कळ होती. आजोबांच्या माळ्यावरून, शेजाऱ्याच्या घरगुती विक्रीतून ती आजही हातोहात फिरते. तिचं काडतूस ७.७ × ५८ मिलिमीटर. नॉर्मा आणि हॉर्नडी या कंपन्यांनी ते बनवलं आहे, पण पाहिजे तेव्हा ते दुकानात असेलच असं नाही. त्यामुळे हौशी मंडळी अमेरिकेत ढिगांनी मिळणाऱ्या .३०-०६ च्या पुंगळ्यांपासून ७.७ च्या पुंगळ्या करतात.

हे जमतं, कारण दोन्हींच्या बुडाचा व्यास जवळजवळ सारखा आहे. फरक लांबीत आहे. .३०-०६ ची पुंगळी जास्तीत जास्त २.४९४ इंच, म्हणजे ६३.३५ मिलिमीटर असते. ७.७ ची साधारण ५८. शिवाय ७.७ चा खांदा थोडा मागे आहे. म्हणजे .३०-०६ ची पुंगळी ७.७ च्या सायझिंग डायमध्ये दाबून खांदा मागे सरकवायचा आणि वरचं पाच मिलिमीटरहून जास्त पितळ कापून टाकायचं.

कापण्याआधी रायफलीची खात्री करून घ्या. अमेरिकेत आल्यावर यातल्या बऱ्याच रायफलींचं चेंबर .३०-०६ साठी वाढवून घेतलं गेलं. तसं झालं असेल तर ७.७ चं काडतूस त्यात वापरायचं नाही. वरून बघून हे कळत नाही. कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतून चेंबरचा साचा काढतात, तो मोजला की उत्तर मिळतं. दुसरी गोष्ट, जपानमध्ये केवळ कवायतीसाठी बनवलेल्या रायफलीही होत्या. दिसायला अगदी खऱ्यासारख्या, पण आतून नळी गुळगुळीत आणि धातू कमकुवत. त्यातून खरं काडतूस उडवणं म्हणजे स्वतःच्या तोंडावर स्फोट ओढवून घेणं. युद्धाच्या अखेरीस घाईघाईने बनवलेल्या रायफलीही काळजीपूर्वक तपासून घ्याव्या लागतात. हे काम जाणकार गनस्मिथचं आहे. त्याने होकार दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ट्रिम डाय म्हणजे काय

ट्रिम डाय दिसायला सायझिंग डायसारखाच असतो. ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ आटे. कुठल्याही नेहमीच्या प्रेसमध्ये बसतो. फरक वरच्या टोकाला. तिथे डाय नेमक्या उंचीवर सपाट कापलेला असतो. पुंगळी खालून वर दाबली की मानेचा जास्तीचा भाग डायच्या माथ्यावर डोकावतो. तो बारीक दात्यांच्या करवतीने कापायचा, कानशीने डायच्या माथ्याशी सपाट करायचा, झालं. प्रत्येक पुंगळीची लांबी डाय ठरवतो, आपला हात नाही.

कारखान्यात बनवलेल्या ट्रिम डायला पाणी दिलेलं असतं. कानस पितळावर असते तोवर तिला पकड मिळते, बारीक पिवळा भुगा पडत राहतो. ती पोलादाला टेकली की घसरायला लागते आणि आवाज बदलतो. त्या आवाजावर हात थांबवायचा. ट्रिम डायमध्ये आतली मान सायझिंग डायपेक्षा किंचित मोकळी ठेवलेली असते, म्हणजे पितळ दोनदा उगाच आवळलं जात नाही.

असा डाय तुमच्या काडतुसासाठी विकत मिळत असेल तर विकतच घ्या. आरसीबीएस ही कंपनी असे डाय बनवत आली आहे. ओहायोतल्या माउंट व्हर्ननची सीएचफोरडी कंपनी तर दुर्मीळ काडतुसांच्या डायसाठीच ओळखली जाते. मिळत नसेल, किंवा महिनोन्महिने थांबावं लागणार असेल, तरच जुना डाय कापायचा विचार करा.

डाय कापायचा असेल तर

पहिला नियम: एकुलता एक सायझिंग डाय कधीही कापू नका. त्याच काडतुसाचा दुसरा, वापरलेला डाय शोधा. जुन्या सामानाच्या विक्रीत, गन शोमध्ये सुटे डाय मिळतात. ट्रिम झाल्यावर पुंगळी अखंड सायझिंग डायमधून काढावी लागते, म्हणून तो जवळ हवाच.

दुसरा: आतली दांडी, प्राइमर काढायची पिन आणि मान रुंदावणारा गोळा हे सगळं काढून टाका. डाय आतून स्वच्छ करून उजेडाकडे धरून बघा. मानेचा भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि त्यावर पोकळी कशी आहे, हे प्रत्येक कंपनीच्या डायमध्ये वेगळं असतं. तुमची कापायची रेघ मानेच्या भागात येते की नाही, हे आधी ठरवा. येत नसेल तर तो डाय या कामाचा नाही.

तिसरा नियम मापाचा. इथेच चुका होतात. पुंगळी डायच्या तळावर उभी नसते, ती शेल होल्डरच्या खाचेत बसलेली असते. खाचेतल्या बैठकीपासून शेल होल्डरच्या माथ्यापर्यंतची उंची ठरलेली असते, ०.१२५ इंच, म्हणजे जवळजवळ ३.१८ मिलिमीटर. डाय शेल होल्डरला टेकलेला असताना पुंगळीची लांबी म्हणजे डायची उंची अधिक ही ३.१८. समजा तुम्हाला ५७.५ मिलिमीटरवर ट्रिम करायचं आहे, तर डायची उंची ५४.३२ हवी. पूर्ण ५७.५ ला डाय कापणारा माणूस तीन मिलिमीटर जास्त लांब पुंगळ्या तयार करील, आणि डायच्या माथ्याशी सगळं कसं सपाट दिसतंय म्हणून खूशही होईल.

हे ५७.५ मी हिशेब समजावण्यापुरतं घेतलं आहे. तुमच्या काडतुसाची कमाल लांबी आणि ट्रिमची लांबी रीलोडिंगच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्या. ट्रिमची लांबी सहसा कमाल लांबीपेक्षा दहा थाउ कमी, म्हणजे पाव मिलिमीटर कमी असते. शेल होल्डरमध्येही कंपनीगणिक काही थाउंचा फरक पडतो. म्हणून ज्या शेल होल्डरवर माप घेतलं, तोच कायम वापरा आणि त्या डायच्या डबीतच ठेवा.

चौथा नियम कापण्याचा. हॅकसॉने हे काम होणार नाही. पृष्ठभाग कठीण असतो, पातं घासून जाईल. लेथवर कार्बाइड टूल किंवा ग्राइंडिंग, असे दोनच मार्ग. डाय थेट चकच्या जबड्यात धरू नका, आटे चेपतील. ७/८-१४ आट्यांचं चिरलेलं बुश करून त्यात तो धरा. डाय तापू देऊ नका. गॅसची ज्योत लावून ‘नरम’ करून मग कापायचा विचार तर मनातही आणू नका. डाय वाकडा होईल आणि कडकपणा जाईल. ठरलेल्या उंचीपेक्षा अर्धा मिलिमीटर वर कापा, मग एक पुंगळी ट्रिम करून व्हर्नियरने मोजा, आणि उरलेलं थोडं थोडं करून काढा. पोलाद कापता येतं, परत लावता येत नाही.

माथा भोकाशी काटकोनात आला पाहिजे. तो तिरपा राहिला तर प्रत्येक पुंगळीचं तोंड तिरपं येईल. तपासायची रीत सोपी: ट्रिम केलेली पुंगळी फिरवत तीन-चार ठिकाणी लांबी मोजा. माप हललं तर माथा पुन्हा दुरुस्त करा. शेवटी भोकाच्या कडेला आलेला बर बारीक दगडाने काढा, पण कड गोल करू नका.

पाचवा नियम, आणि हा मोडू नका: डायच्या तळाला, आतल्या अंगाला आणि खांद्याला हात लावायचा नाही. शेल होल्डरचा माथाही घासायचा नाही. ७.७ सारख्या, कड बुडाबाहेर न आलेल्या काडतुसात पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावर टेकते. तळ घासला की डाय खाली येतो आणि पुंगळीचा खांदा हवा त्यापेक्षा मागे ढकलला जातो. मग बार उडताना पुंगळी बुडाजवळ ताणली जाते. काही वापरांनंतर तिथे चकचकीत कडं दिसू लागतं आणि एक दिवस बूड सुटून तापलेला वायू बोल्टच्या बाजूने, म्हणजे तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. लांबी सुधारायच्या नादात खांदा बिघडवू नका.

एक मर्यादा मान्य करा. असा कापलेला डाय कारखान्याच्या ट्रिम डायइतका टिकत नाही. बऱ्याच डायना पाणी वरच्या थरापुरतंच दिलेलं असतं. माथा कापला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं आणि कानस त्याला खाते. म्हणून करवतीने कापताना थोडं पितळ वर ठेवा, कानस हलक्या हाताने, एकाच दिशेने चालवा आणि शेवटचा हात पायलट असलेल्या हातट्रिमरने फिरवा. डायची उंची मधूनमधून मोजत राहा. ती घटली की तो डाय बाद.

पुंगळी घडवताना

शक्यतो एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या पुंगळ्या घ्या. बुडाजवळ चकचकीत कडं, मानेला चीर, खोल ओरखडा असं काही दिसलं तर ती पुंगळी चपटी करून भंगारात टाका. तशीच ठेवली तर कधी तरी पुन्हा हाती येते. आतून कडं तपासायला टोक वाकवलेली पेपरक्लिप घ्या आणि आतल्या भिंतीवरून खालपासून वर फिरवा. खळगा लागला की ती पुंगळी बाद.

वंगण अंगभर लावा, पण खांद्यावर कमी. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि कड तुटते. खांद्यावर जास्त झालं तर त्याला जायला जागा नसते, आणि पितळाला खळी पडते. हँडल एका झटक्यात खाली आणू नका. अर्धं दाबा, पुंगळी थोडी फिरवा, पुन्हा दाबा. प्रेसचा हात आपल्याला सगळं सांगतो. नेहमीपेक्षा जड लागला की थांबा.

ट्रिम झाल्यावर तोंडाचा बर आतून-बाहेरून काढा, पुंगळी अखंड सायझिंग डायमधून काढा, आणि पुन्हा लांबी मोजा. सायझिंगमध्ये ती थोडी लांबलेली असू शकते. शेवटचं माप सायझिंगनंतरचं. तेच खरं.

आता मानेची जाडी. नव्या मानेचा खालचा भाग .३०-०६ च्या जुन्या खांद्यातून आला आहे, तिथलं पितळ जाड असतं. गोळी बसवल्यावर मान चेंबरमध्ये घट्ट बसली, तर लांब पुंगळीत जे होतं तेच होईल: गोळी सुटायला वाव राहणार नाही. मायक्रोमीटरने जाडी मोजा, जास्त असेल तर मान रीम करा किंवा बाहेरून टर्न करा. पहिल्या बारानंतर एक साधी परीक्षा घ्या. उडवलेल्या, न दाबलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी हलकेच सोडा. ती विनासायास आत गेली पाहिजे. अडली तर मान जाड आहे.

गोळीचा व्यासही बघा. ७.७ ची गोळी ०.३११ ते ०.३१२ इंचांची, .३०-०६ ची ०.३०८. पुंगळी तिकडून आणली म्हणून गोळीही तिकडची वापरायची नाही. आणि घडवलेल्या पुंगळीच्या भिंती जाड असतील तर आतली जागा कमी पडते. तेवढीच दारू कमी जागेत जास्त दाब करते. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुरुवातीच्या, सर्वांत कमी मापापासूनच सुरू करा.

मान तडकू नये म्हणून काहीजण ती तापवून नरम करतात. करा, पण फक्त मान आणि खांदा. बूड तापलं तर पुंगळीचं सगळं बळ जातं आणि अशी पुंगळी ओळखूही येत नाही.

डोळ्यांवर चष्मा हवाच. कापलेल्या पितळाची कडी उडतात, आणि तो बारीक भुगा डोळ्यातून काढणं त्रासाचं असतं. जुन्या प्राइमरच्या काजळीत शिसं असतं. पुंगळ्या हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नका, आणि लहान मुलं गॅरेजमध्ये असताना हे काम मांडूच नका.

खूण करा, लिहून ठेवा

घडवलेली पुंगळी उलटी करून बघा. बुडावर अजून ‘.३०-०६’ असंच कोरलेलं आहे. आत काडतूस मात्र ७.७ चं. तुम्हाला हे आज ठाऊक आहे. पाच वर्षांनी लक्षात राहील का? तुमच्यानंतर मुलाच्या किंवा मित्राच्या हाती तो डबा गेला तर त्याला कसं कळणार? चुकीच्या रायफलीत चुकीचं काडतूस, या चुकीने माणसं जायबंदी झाली आहेत. म्हणून अशी काडतुसं वेगळ्या डब्यात, मोठ्या अक्षरांत काडतुसाचं नाव, ज्या रायफलीसाठी भरली तिचं नाव, तारीख, दारू आणि गोळीची माहिती लिहून ठेवा. मूळ .३०-०६ च्या पुंगळ्यांच्या डब्याशेजारी तो ठेवू नका. ही काडतुसं कुणाला भेट देऊ नका, कुणाकडून घेऊही नका.

डायवरही खूण हवी. त्याच्या अंगावर काडतुसाचं नाव आणि ‘फक्त ट्रिम’ असं इलेक्ट्रिक पेनने कोरा. कोरलेलं नसेल तर तो एक दिवस सायझिंग डाय समजून वापरला जाईल.

शेवटी एवढंच

आपल्या लोकांना मशीनचं वावडं नाही. टूलरूममध्ये थाउ-थाउवर काम केलेली, लेथवर उभी राहिलेली कितीतरी मराठी माणसं आज इथे आहेत. हे हस्तकौशल्य या छंदात फार उपयोगी पडतं. पण त्याच कौशल्याच्या भरवशावर मापं अंदाजाने धरायची सवय लागते, आणि इथे अंदाजाला जागा नाही. गाडीचा पार्ट चुकला तर पुन्हा बनवता येतो. इथे चूक झाली तर ती गालापासून चार बोटांवर फुटते.

तेव्हा मंडळी, आधी आपला व्हिसा आणि आपल्या राज्याचा कायदा तपासा. रायफल गनस्मिथला दाखवा. ट्रिम डाय विकत मिळत असेल तर घ्या. मिळत नसेल तर दुसरा, जुना डाय माथ्याला कापा, तळाला कधीच नाही. आणि प्रत्येक पुंगळी, प्रत्येक वेळी, सायझिंगनंतर मोजा. जिची लांबी कमाल मापापेक्षा केसभरही जास्त भरली, तिच्यात दारू घालू नका. एवढा नियम पाळा, अशी हात जोडून विनंती आहे.